मोजपट्टीकडून नात्यांकडे : महाराष्ट्रातील सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्राची जडणघडण

प्रस्तावना

मानवाचा शारीरिक, सामाजिक व सांस्कृतिक अशा सर्व अंगांनी अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे मानवशास्त्र होय. शारीरिक मानवशास्त्र, पुरातत्त्व, भाषिक मानवशास्त्र आणि सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र या त्याच्या चार प्रमुख शाखा मानल्या जातात. यांपैकी चौथ्या शाखेचा परिचय करून देताना आपण बहुधा एडवर्ड टायलर यांच्या संस्कृतीच्या व्याख्येपासून प्रारंभ करतो, मॉर्गन आणि रिव्हर्स यांचा उल्लेख करतो आणि मालिनोव्हस्की यांच्या ट्रोब्रिआंड बेटांवरील क्षेत्रकार्यापाशी येऊन थांबतो. हा क्रम चुकीचा नाही. परंतु त्यामुळे हे शास्त्र पाश्चात्त्यांनी दूरच्या बेटांवर घडवले आणि भारतात ते तयार स्वरूपात आले, असा समज विद्यार्थ्याच्या मनात रुजतो.

वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील तीन अभ्यासकांनी या शास्त्राची साधने हाती घेतली आणि त्यांच्या आधारे विचारला जाणारा मूळ प्रश्नच बदलला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये आणि डॉ. इरावती कर्वे हे ते तीन अभ्यासक होत. 'माणसाचे शरीर कोणत्या मापाचे?' या प्रश्नाकडून 'कोणाचा विवाह कोणाशी होतो आणि का?' या प्रश्नाकडे झालेला प्रवास हाच महाराष्ट्रातील सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्राच्या जडणघडणीचा गाभा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. या प्रवासात मोजपट्टी टाकून दिली गेली नाही. तिच्याकडून काय वदवून घ्यायचे, हे मात्र बदलले.

१. सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र : स्वरूप

१८७१ हे वर्ष या शास्त्राच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी टायलर यांनी ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा व रूढी यांचा समुच्चय म्हणजे संस्कृती, असे सांगून ती मनुष्य समाजाचा घटक या नात्याने संपादन करतो, हे स्पष्ट केले. संस्कृती रक्तातून येत नाही, ती शिकावी लागते, हा या व्याख्येचा मथितार्थ होय. त्याच वर्षी अमेरिकेत लुईस हेन्री मॉर्गन यांनी जगातील अनेक समाजांच्या आप्तसंबंधवाचक शब्दांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. नात्यांची नावे ही केवळ भाषेची बाब नसून समाजरचनेचा आराखडा असतात, हा त्यांचा शोध होता.

मराठी वाचकास ही गोष्ट सहज पटण्याजोगी आहे. इंग्रजीत 'अंकल' या एकाच शब्दात काका, मामा, मावशीचे यजमान आणि आत्याचे यजमान हे सर्व सामावतात. मराठीत मात्र ही नाती वेगळी आहेत, कारण त्या प्रत्येकाशी असलेले हक्क, कर्तव्ये आणि मानपान वेगळे आहेत. लग्नात मामाचा मान काकाला देता येत नाही. शब्द जिथे वेगळे होतात तिथे समाजाने काहीतरी वेगळे मानलेले असते, हे सूत्र या शास्त्राच्या अभ्यासपद्धतीच्या मुळाशी आहे.

पुढे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी वंशावळ पद्धती विकसित केली. १९१५ ते १९१८ या काळात मालिनोव्हस्की यांनी ट्रोब्रिआंड बेटांवर लोकांत राहून, त्यांची भाषा शिकून अभ्यास केला व १९२२ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. क्षेत्रकार्य आणि सहभागी निरीक्षण ही या शास्त्राची ओळख येथून दृढ झाली.

२. वसाहतकालीन मोजणी आणि तिची गृहीते

भारतात मात्र या शास्त्राचा पहिला मोठा वापर राज्यकारभाराच्या गरजेतून झाला. १८८६ साली मुंबईत मानवशास्त्रीय सोसायटी स्थापन झाली होती व तिच्या नियतकालिकातून येथील रूढी, विधी व समजुती यांची माहिती प्रसिद्ध होत असे. परंतु शासनाच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती जनगणना. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींचा केवळ आकडा नोंदवला नाही, तर सामाजिक श्रेष्ठ-कनिष्ठतेनुसार त्यांची क्रमवारी लावण्याचा प्रयत्न केला. परिणामी अनेक जातींनी वरचे स्थान मागणारे अर्ज सरकारदरबारी सादर केले. म्हणजेच मोजणीने समाजाचे केवळ वर्णन केले नाही, तर त्यात चढाओढही निर्माण केली.

रिस्ले यांचा शास्त्रीय आधार होता नासिकांक. नाकाची रुंदी व उंची यांचे शेकड्यातील गुणोत्तर काढून त्यांनी असे प्रतिपादन केले, की नाक जितके रुंद तितके जातीचे सामाजिक स्थान खालचे. जातिव्यवस्थेचा उगम वंशभेदात आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात भारतीयांचे सात शारीरिक प्रकार कल्पिले असून मराठी मुलखातील लोकांना त्यांनी 'शक-द्राविड' या प्रकारात घातले. ब्राह्मण व कुणबी यांना त्यांनी याच एका प्रकारात बसवले, ही बाब लक्षणीय आहे. वंशभेदातून जात निर्माण झाली असेल, तर समाजात इतके अंतर असलेले दोन समूह एकाच प्रकारात कसे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या मांडणीत मिळत नाही.

आर. ई. एन्थोव्हेन यांनी मुंबई इलाख्यातील जाती-जमातींची माहिती १९२० ते १९२२ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली. कुळे, देवके, विवाहाचे निर्बंध, पोटजाती यांविषयीची त्यातील माहिती आजही उपयुक्त आहे. मात्र प्रत्येक जात ही स्वतंत्र कप्प्यातील वस्तू आहे, असे समजून केलेली ही मांडणी होती. हे कप्पे कशामुळे बंद राहतात, हा प्रश्न तिने विचारला नाही.

३. डॉ. आंबेडकर : बंद दाराचे विश्लेषण

हा प्रश्न पंचवीस वर्षांच्या एका मराठी विद्यार्थ्याने न्यूयॉर्कमध्ये विचारला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. गोल्डनवायझर हे फ्रांझ बोआस यांचे शिष्य होते. परिस्थिती बदलल्यास कवटीची मापेही बदलू शकतात, हे बोआस यांनी स्थलांतरितांच्या अभ्यासातून दाखवून वंशवादी मानवशास्त्रास हादरा दिला होता. अशा विद्यापीठात हा निबंध वाचला गेला, हा संदर्भ ध्यानात ठेवणे उचित ठरेल.

आंबेडकरांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्री. व्यं. केतकर यांच्या व्याख्या तपासल्या. केतकरांचा जातिविषयक ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला होता. जातीचा विचार सुटेपणाने न करता व्यवस्थेच्या संदर्भात करावा, या केतकरांच्या दृष्टीचे त्यांनी स्वागत केले. परंतु विवाहबंदी आणि जन्मावर आधारित सदस्यत्व ही दोन वेगळी लक्षणे नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे दाखवून दिले. भारतातील लोक वंशदृष्ट्या संमिश्र आहेत आणि सांस्कृतिकदृष्ट्या एकात्म आहेत, हे त्यांनी आधारभूत मानले. अशा समाजात सगोत्र विवाह निषिद्ध मानणारा बहिर्विवाहाचा नियम सर्वत्र असताना त्यावर अंतर्विवाहाचे बंधन लादले गेले, आणि त्यातून जात निर्माण झाली, हे त्यांचे सूत्र होय.

यापुढचा त्यांचा युक्तिवाद अधिक मूलगामी आहे. एखाद्या गटाने गटाबाहेर विवाह करायचा नाही असे ठरवले, तर गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल ठेवावी लागते. पती आधी निधन पावला तर स्त्री 'अतिरिक्त' ठरते, पत्नी आधी गेली तर पुरुष 'अतिरिक्त' ठरतो. अतिरिक्त स्त्रीसाठी सती किंवा सक्तीचे वैधव्य आणि अतिरिक्त पुरुषासाठी ब्रह्मचर्य किंवा अल्पवयीन मुलीशी विवाह, हे या समस्येवर काढलेले मार्ग होते. या प्रथांना नंतर तत्त्वज्ञानाने गौरवले. त्यांचा उगम मात्र गट बंद ठेवण्याच्या गरजेत होता. पुरोहितवर्गाने प्रथम आपले दार लावून घेतले. इतरांनी एकतर अनुकरणाने आपापली दारे लावली, किंवा त्यांच्यासाठी ती बाहेरून लावली गेली.

अशा रीतीने जातीचा प्रश्न नाकाच्या मापातून बाहेर काढून विवाहसंबंधांच्या आणि स्त्रियांवरील नियंत्रणाच्या क्षेत्रात आणला गेला. पुढे १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या ग्रंथात आंबेडकरांनी नासिकांकाचे कोष्टकच पुरावा म्हणून वापरले. ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशाचे नाहीत, हे त्याच मापांवरून सिद्ध होते, असे त्यांनी दाखवले. वंशभेद सिद्ध करण्यासाठी घेतलेली मापे वंशसिद्धान्ताच्या खंडनासाठी अशी उपयोगात आणली गेली.

४. डॉ. घुर्ये : रिस्ले यांची फेरतपासणी

ही मापे आंबेडकरांनी घेतली ती घुर्ये यांच्याकडून. मालवण येथे १८९३ साली जन्मलेल्या घुर्ये यांनी केंब्रिज येथे रिव्हर्स व त्यांच्या निधनानंतर हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा १९२४ पासून त्यांनी सांभाळली. त्यांनी समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांत भिंत उभी केली नाही. महाराष्ट्रात या दोन विषयांची परंपरा गुंफलेली राहिली, याचे श्रेय पुष्कळ अंशी त्यांना द्यावे लागते.

१९३२ साली प्रसिद्ध झालेल्या जात व वंश या विषयावरील ग्रंथात त्यांनी उपलब्ध शारीरिक मापांची प्रांतवार फेरतपासणी केली. सध्याच्या उत्तर प्रदेशाचा भाग वगळता अन्यत्र जातीची श्रेणी आणि शारीरिक मापे यांचा मेळ बसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे रिस्ले यांचा सिद्धान्त त्यांनी संपूर्णतः नाकारला नाही, परंतु त्याचे अखिल भारतीयत्व काढून घेतले. जातिव्यवस्थेची सहा लक्षणे त्यांनी सांगितली : समाजाचे खंडात्मक विभाजन, श्रेणीरचना, खानपान व सामाजिक व्यवहारांवरील निर्बंध, नागरी व धार्मिक विशेषाधिकार आणि अपात्रता, व्यवसायनिवडीवरील बंधने आणि विवाहावरील निर्बंध. विवाह प्रत्यक्षात पोटजातीतच होत असल्याने समाजशास्त्रीय दृष्ट्या पोटजातीसच खरी जात मानावे, असेही त्यांनी सुचवले. मोठी जात फुटून पोटजाती झाल्या, ही त्यांची धारणा मात्र त्यांच्याच विद्यार्थिनीने पुढे आव्हानित केली.

५. डॉ. इरावती कर्वे : नात्यांचा नकाशा

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. पुण्यात शालेय व महाविद्यालयीन शिक्षण झाल्यावर त्यांनी घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि पुढे जर्मनीतील बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी.चे काम केले. फिशर ज्या संस्थेचे प्रमुख होते ती मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्राची संस्था होती आणि तिचे पुढील काळातील नाझी राजवटीशी असलेले संबंध सर्वश्रुत आहेत. बाईंना विषय मिळाला तो मानवी कवटीच्या असममितीचा. ही असममिती वंशाशी निगडित आहे काय, हे मोजमापांनी तपासले असता तसा संबंध त्यांना आढळला नाही आणि त्यांनी तसे नमूद केले. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेने भारलेल्या वातावरणात, मार्गदर्शकाच्या धारणेशी न जुळणारा निष्कर्ष एका परदेशी विद्यार्थिनीने मांडणे ही साधी बाब नव्हती. ऊर्मिला देशपांडे व थियागो पिंटो बार्बोझा यांनी लिहिलेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या इरावतीबाईंच्या चरित्रामुळे हा कालखंड नव्याने चर्चेत आला आहे.

१९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेत रुजू झाल्यावरही त्यांनी मोजमापांचे काम सोडले नाही. वि. म. दांडेकर यांच्या समवेत महाराष्ट्रातील मानवमितीविषयक ग्रंथ त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केला. परंतु त्यांची कीर्ती ज्या ग्रंथावर उभी आहे तो १९५३ चा भारतातील आप्तसंबंधव्यवस्थेवरील ग्रंथ होय. संस्कृत ग्रंथांतील व प्रचलित भाषांतील नातेवाचक शब्द आणि क्षेत्रकार्यातून मिळालेली विवाहविषयक माहिती एकत्र करून त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग कल्पिले. उत्तरेत मुलगी परक्या गावी, नात्याबाहेरच्या घरात दिली जाते; दक्षिणेत ती बहुधा आधीपासूनच ओळखीच्या आप्तांत जाते. स्त्रीचे सासरचे आयुष्य या एका फरकाने किती बदलते, हे त्यांनी दाखवून दिले.

या नकाशात महाराष्ट्राचे स्थान विशेष उद्बोधक आहे. मराठी भाषा उत्तरेकडील आर्य कुलातील, परंतु विवाहाचे अनेक नियम दक्षिणेकडचे. मराठा-कुणबी समाजात मामाच्या मुलीशी विवाह ग्राह्य, किंबहुना पसंतीचा मानला जातो. आत्याच्या मुलीशी मात्र सामान्यतः टाळला जातो. त्याच वेळी देवकाचा नियम कठोर असतो. एकच देवक असलेल्या घराण्यांत सोयरीक होत नाही. देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मणांत मामेबहिणीशी विवाह चालतो, चित्पावनांत चालत नाही. एकाच वर्णातील, एकाच प्रदेशातील दोन जातींचे विवाहनियम इतके भिन्न असू शकतात.

भाषेतील साक्ष याहून बोलकी आहे. जुन्या पिढीतील सुना सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणत. मामाच्या मुलीशी विवाह झाला, तर त्या मुलीची सासू ही तिची सख्खी आत्याच असते. 'आत्याबाई' हे संबोधन या नियमाशी तंतोतंत जुळते. 'मामंजी' हे संबोधन दक्षिणेकडील त्या रचनेची आठवण करून देते, जिथे मामा आणि आत्याचे यजमान यांना एकच नातेवाचक शब्द असतो. बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा या दोघांनाही मराठीत 'मेहुणा' म्हणतात, तेही साट्यालोट्याच्या विवाहाच्या शक्यतेकडे बोट दाखवणारे आहे. ज्या घरांत आज असे विवाह होत नाहीत, त्या घरांतही ही संबोधने दीर्घकाळ टिकली. रूढी मागे पडली तरी शब्द तिची खूण जपून ठेवतो, हे मॉर्गन यांचे सूत्र मराठी घरातच सिद्ध झालेले दिसते.

१९६१ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदू समाजरचनेच्या विवेचनात बाईंनी जात आणि जातिसमूह यांत भेद केला. अंतर्विवाही गट ही जात. एकाच व्यवसायाच्या वा नावाच्या अशा अनेक जातींचा मिळून होतो तो जातिसमूह. कुंभार हे त्याचे उदाहरण. थोरचाके व लहानचाके कुंभार एकाच नावाने ओळखले जात असले, तरी त्यांच्या चाकाचा आकार वेगळा, रीत वेगळी आणि सोयरीक वेगळी. हे एका मूळ जातीचे तुकडे नसून वेगवेगळ्या ठिकाणचे, समान व्यवसायामुळे एका नावाखाली आलेले स्वतंत्र गट असावेत, असे त्यांनी मांडले. १९६८ साली के. सी. मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची जीवशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली. समान दर्जाच्या या गटांतही परस्परांत लक्षणीय भिन्नता आढळली. मोजपट्टी तीच होती. पण आता ती श्रेष्ठ-कनिष्ठता ठरवत नव्हती, तर जाती फुटून झाल्या की जुळून आल्या, हे तपासत होती.

ग्रंथ आणि मोजमाप यांच्या जोडीला प्रत्यक्ष सहवास हे त्यांच्या अभ्यासाचे तिसरे अंग होते. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर चालून लिहिलेल्या 'वाटचाल' या त्यांच्या लेखाचे इंग्रजी रूपांतर १९६२ साली प्रसिद्ध झाले. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग म्हणणारे लोक जेवायला मात्र जातवार वेगळे बसतात, हे त्यांनी टिपले. भक्तीने जोडलेला आणि पंगतीने तोडलेला समाज यात दिसतो. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांच्या त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केलेल्या पाहणीचा अहवाल १९६९ साली प्रकाशित झाला. गाव उठले म्हणजे जमिनीबरोबर सोयरसंबंधांचे जाळेही उठते, ही जाणीव अशा अभ्यासांतून विकासाच्या चर्चेत येऊ शकली.

६. मर्यादा आणि आजचे औचित्य

या परंपरेच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. घुर्ये यांचे आदिवासींना मागासलेले हिंदू मानणारे, १९४३ साली मांडलेले मत पुढे टीकेचा विषय झाले. इरावतीबाईंनी नात्यांची रचना विलक्षण बारकाईने उलगडली, परंतु त्या रचनेमागील सत्तेचा प्रश्न त्यांच्या विवेचनात दुय्यम राहिला. जो प्रश्न आंबेडकरांनी १९१६ सालीच केंद्रस्थानी आणला होता तो, म्हणजे जातीचे दार स्त्रीच्या देहावर कुलूप लावून बंद ठेवले जाते हा विचार, मानवशास्त्राच्या अध्यापनात दीर्घकाळ उपेक्षित राहिला. शर्मिला रेगे यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या निबंधाचे स्त्रीवादी महत्त्व नव्याने अधोरेखित केले. कर्वे यांचा नकाशा आणि आंबेडकरांचे विश्लेषण एकत्र वाचले, तरच विषय पूर्ण होतो.

हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय घेतला. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची अशी गणना होणार आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेविषयी महाराष्ट्राने केलेल्या याचिकेच्या संदर्भात केंद्राने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सादर केलेले प्रतिज्ञापत्र येथे उद्बोधक ठरते. १९३१ साली ४,१४७ जातींची नोंद होती, तर २०११ च्या माहितीत जातींच्या नावांची संख्या ४६ लाखांवर गेली, असे त्यात नमूद होते. जात, पोटजात, कुळ, आडनाव, गोत्र हे सर्व लोकांनी 'जात' म्हणून सांगितले, की मग असे घडणे अपरिहार्य असते. लोक आपले नाव काय सांगतात आणि सोयरीक कोठे करतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जात आणि जातिसमूह यांत कर्वे यांनी केलेला भेद नेमका येथे उपयोगी पडतो. आणि नोंदीमुळे चढाओढ कशी वाढते, हे १९०१ च्या अनुभवाने शिकवले आहे.

समारोप

सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र महाराष्ट्रात केवळ आयात झाले नाही. वंशाच्या नावाखाली आलेल्या शास्त्राला आंबेडकरांनी विवाहाच्या यंत्रणेचा प्रश्न विचारला, घुर्ये यांनी त्याच्या मापांची प्रांतोप्रांती तपासणी केली आणि कर्वे यांनी नात्यांच्या शब्दांतून समाजाचा नकाशा काढला. तिघांचे मार्ग भिन्न होते, निष्कर्षही सर्वत्र जुळत नाहीत. परंतु जातीचे मर्म शरीरात नसून सोयरिकीत आहे, या जाणिवेपाशी तिघेही येतात. ही जाणीव शास्त्रीय जितकी तितकीच सामाजिक आहे. जे रक्ताने ठरलेले असेल ते बदलता येत नाही. जे माणसांनी नियम करून ठरवले ते माणसांना बदलता येते.

म्हणूनच या विषयाचा परिचय करून देताना टायलर आणि मालिनोव्हस्की यांच्या शेजारी हे तिघे असावयास हवेत. विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या घराच्या तीन पिढ्यांची वंशावळ काढून घ्यावी, आजी आपल्या सासूला काय म्हणत असे हे विचारून नोंदवून घ्यावे आणि त्या कागदावर सोयरीक कोठे झाली व कोठे कधीच झाली नाही, हे दाखवावे. सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्राचा आशय एवढ्या एका अभ्यासातूनही विद्यार्थ्याच्या हाती लागू शकेल.